उसवण

चितेगावच्या त्या कारखान्यात श्रेया नावाच्या पोरीनं माझ्यासमोर टेबलावर पांढरा कागद अंथरला आणि चिमट्यानं धरून त्यावर एक वस्तू ठेवली. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा होता तो. अंगठ्याच्या नखाएवढा, वाळून खापरी झालेला, एका कडेला तव्याचा करपा. मी जन्मभर लोकांसमोर वस्तू ठेवत आलो. फर्दापूरला लेणीच्या पायथ्याशी गारगोट्या विकायचो तेव्हा एकाच डोंगरातला दगड एकाला राजाच्या मुकुटातला म्हणून दाखवायचो आणि दुसऱ्याला भिक्खूच्या उशाखालचा म्हणून. हसू कधी दाबावं लागलं नाही, कारण बोलता बोलता माझाच त्यावर विश्वास बसायचा. पण दुसऱ्या कुणी माझ्यासमोर वस्तू ठेवावी आणि माझी जीभ टाळूला चिकटावी, हे पहिल्यांदाच घडत होतं. "काका, संघपालच्या बेल्टच्या पुडीत हे निघालं," ती म्हणाली. "आम्हाला काही कळेना." मी म्हणालो, "उंदीर." ती बघत राहिली तसा मला जोर आला. "फर्दापूरकडचे उंदीर लई हुशार, ताई. भाकरी साठवून ठेवतात. पावसाळा आला की वरून तोंड शिवून घेतात." ती हसली, पण डोळे खालीच होते. "दाभणानं शिवतात का, काका? तंगूसच्या दोऱ्यानं?"

उंचावर काम करणाऱ्यांचे पट्टे आखणं हे तिचं काम. अपघात झाला की तो पट्टा परत तिच्याकडे येतो आणि तो बघून ती पुढचा सुधारते. माझ्या पोराचा, संघपालचा पट्टा तसाच तिच्याकडे आला होता. पट्ट्याच्या पाठीला दोरी असते, दोरीच्या टोकाला हूक आणि मधे साबणाच्या वडीएवढी एक पुडी. कामावरची पोरं तिला पुडीच म्हणतात. श्रेयानं एक नवी पुडी उघडून दाखवली. आत जाड पट्टीच्या घड्या होत्या, एकीवर एक बसवलेल्या, टाक्यांनी एकमेकींना धरलेल्या. मग यंत्रावर ओढून फाडलेली दुसरी दाखवली. त्या घड्या सुटून तिच्यातून हातभर लांब जीभ बाहेर आली होती आणि जिभेवर तुटलेल्या टाक्यांचे केस उभे होते. "माणूस पडला की हे टाके एकामागोमाग एक फाटत जातात. पट्टी लांबते आणि झटका त्या फाटण्यातच जिरतो. हे फाटायलाच शिवलेलं असतं, काका." फाटायलाच शिवलेलं. हे शब्द मी तोंडात घोळवले तर त्यांना चवच लागेना. ज्या घरात उसवलेला टाका म्हणजे बाईच्या अब्रूचा प्रश्न, त्या घरात मी म्हातारा झालो. "आणि नाही फाटलं तर?" मी विचारलं. तिनं नवी पुडी मिटून ठेवली. "तर माणूस जमिनीला लागत नाही. पण सगळा झटका त्यालाच बसतो. आतून." पलीकडे बायका मशिनींवर पट्टे शिवत होत्या, त्यांची घरघर माझ्या दाढेत शिरली. श्रेया म्हणाली, "हा गोधडीचा टाका आहे. माझी आजी पाचोडला गोधड्या शिवायची, म्हणून ओळखते. पण आजी भाकरी नव्हती घालत. मला कुणावर काही ढकलायचं नाही, काका. पण एका घरात असं झालं तर दुसऱ्या घरातही होईल. कसं झालं तेवढं कळलं तर मी पुडीच बदलीन." मी उठलो. म्हणालो, ठेकेदाराकडं कुणीतरी शिवलं असेल, आपल्याला काय ठावं. आणि त्या तुकड्याकडे न बघता बाहेर पडलो, जसं ओळखीच्या माणसाला रस्त्यात टाळावं तसं.

पैठण रोडला काळी-पिवळी जीप मिळाली. माझ्या शेजारी एक बाई कोंबडी मांडीवर घेऊन बसली होती. कोंबडीचा एक डोळा सारखा माझ्यावर होता. मला वाटलं, हिला समजलंय. माझी बायको केसरबाई गोधडीचा शेवटचा कोपरा शिवून बंद करण्याआधी भाकरीचा घास आत सारते. तिच्या आईची रीत. पांघरूण उपाशी ठेवलं तर रात्री ते माणसाची ऊब खातं, असं ती म्हणते, आणि मी जगाला थापा मारणारा माणूस, पण हे मात्र मी कधी हसण्यावारी नेलं नाही. तिच्या गोधडीत खरंच वेगळी ऊब असते. संघा रांगायचा तेव्हा गोधडीचे कोपरे चोखायचा. त्याला कोणता कोपरा भरलेला आहे ते बरोबर कळायचं. आणि तो पडला ती सकाळ. खुंटीला पट्टा, पट्ट्याच्या दोरीवर ती पुडी आणि पुडीतून बोटभर बाहेर आलेली जीभ. आदल्या दिवशी कुठंतरी पाय घसरून थोडा झटका बसला होता म्हणे. ठेकेदार दुसरा पट्टा देतो म्हणाला होता, तोवर हाच. संघा मोरीत तोंड धूत होता. केसरबाईनं जीभ बोटानं आत ढकलली, दाभण काढलं, आणि चहाला उकळी येईस्तोवर पुडी अशी शिवली की मुंगीला वाट मिळू नये. मी समोर बसून दाढी करत होतो. आरशात मला तिचे हात दिसत होते. संघा टॉवेल खांद्यावर टाकून आला. "हे काय गं आई?" "उसवलं व्हतं, शिवलं." तो हसला. पट्टा अंगात घालता घालता म्हणाला, "बाबाचा करदोडा अन् आईचा टाका. मला काय व्हतंय?"

करदोड्याची गोष्ट माझी. म्हणजे खरीच म्हणा. तरणाबांड असताना मी फर्दापूरच्या वरच्या अंगाला मधाचं पोळं काढायला कड्यावर चढलो आणि पाय निसटला. खाली दरी. मधेच कड्याला एक वड आडवा आलेला, त्याच्या फांदीत माझ्या कमरेचा करदोडा अडकला. तीन दिवस लटकलो. पोपटांनी पेरू आणून दिले, एका वानरानं तर तंबाखू मळून दिली, चुना जरा जास्त झाला होता. करदोडा तुटला नाही, कारण माझ्या आईनं त्याला गाठ मारली होती. संघा लहान असताना ही गोष्ट ऐकत मांडीवर उताणा पडायचा आणि पोपट आले की तोंड उघडायचा. लेण्यात त्या काळी बाहेर आरसा धरून आत ऊन टाकत. कधीमधी मी आरसा धरायचो, तेव्हा त्याला बरोबर न्यायचो. छतावर रंगवलेल्या उडत्या माणसांवर उजेड पडला की त्याला सांगायचो, ही सगळी मूळची आपल्या फर्दापूरची. तो मान वर करून बघायचा, पार पाठीला कळ लागेपर्यंत. "बाबा, यांचे पट्टे कुठंयत?" तेव्हा मी काय उत्तर दिलं होतं ते काळी-पिवळीत आठवायचा प्रयत्न केला, पण आठवलं नाही. मला कुठल्याही प्रश्नाला उत्तर असतं, म्हणून कुठलंच लक्षात राहत नाही.

संघा पडला ते मला सांडूनं सांगितलं. सांडू त्याच्या जोडीला असायचा, त्या दिवशीही एकाच गोदामाच्या छतावर. पत्रा सरकला, संघा गेला, दोरी ताणली आणि तो हवेत थांबला. खालची सगळी माणसं ओरडली, वाचला, वाचला! कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या. सांडूनं वरून हाक मारली, "ए संघा, बाबासारखं लटकलास की रं! पोपट बोलावू का?" संघा मान खाली घालून लटकला होता, खाली काही पडलंय आणि तो शोधतोय असा. सांडू हे सांगताना दरवेळी पोपटापाशी थांबतो आणि पुढं बोलत नाही. अंगावर कुठं खरचटलेलंही नव्हतं. घरी आणला तेव्हा केसरबाईनं त्याचे हात बघितले, पाय बघितले, डोकं चाचपलं, आणि पट्टा सोडताना तिची बोटं पुडीवर थांबली. एकही टाका हललेला नव्हता. मग पट्टा ठेकेदार घेऊन गेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी गल्लीतल्या बाया भोवती बसल्या असताना ती म्हणाली, "माझा टाका नाय तुटला. माझं लेकरू मी भुईला लागू दिलं नाय." तिचं रडणं त्या वाक्याशी येऊन थांबलं. तिथं तिला बसायला जागा मिळाली. तिचं पोर गेलं, पण तिचा हात चुकला नव्हता. मला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं. आज चितेगावच्या टेबलावर ती जागा मोडली आणि ती फक्त माझ्यासाठी मोडली. घरी ती अजून तिथंच बसलेली होती.

मुकुंदवाडीला उतरून गल्लीत शिरलो तर दारातच सांडू बसलेला, चहाची बशी हातात, आणि केसरबाईच्या मांडीवर एक पट्टा. हेच चालू होतं. संघा गेल्यापासून गल्लीतली, पलीकडच्या गल्लीतली, छतावर, टाकीवर, जाहिरातीच्या फलकांवर चढणारी पोरं आपापले पट्टे तिच्याकडे आणत होती. ती बोलवायची त्यांना. पुडी धड असली तरी वरून एक धावदोरा घालायची, आत घास सारायची आणि पट्टा कपाळाला लावून परत द्यायची. मी म्हणालो, "केसर, ऐक. आत्ता चितेगावला कळलं, दाभणानं शिवलेल्या पट्ट्याला वीज धरती." ती मान वर न करता म्हणाली, "मागं म्हणला व्हता, नळातून साप येतो." सांडू हसला. "मामा, तुमच्या थापांनी पट्टा तुटंल एखांदा. मावशेच्या टाक्यानं नाय तुटणार." "अरे पण कारखान्यावाल्यांनीच सांगितलंय, शिवू नका म्हणून." "कामून?" केसरबाईनं विचारलं. आता तिनं मान वर केली होती. तिचे डोळे बघितले आणि मी म्हणालो, "त्यांच्या मशिनीच्या बायांचं काम जातं ना." ती दोरा दातानं तोडत म्हणाली, "मग जाऊ द्या. लेकरं राहू द्या."

तेव्हापासून मी चोर झालो. ती पाणी भरायला गेली, विहारात गेली, की ब्लेड घेऊन बसायचो आणि तिचे टाके काढायचो. तिचा टाका काढणं सोपं नाही. आम्ही एकमेकांशी जितकं बोललो त्याहून जास्त ती त्या टाक्यांत बोलली असेल असं वाटायचं, आणि मी ते ऐकायच्या आधीच कापत होतो. आतला घास निघायचा तो खिशात टाकायचो. फेकायला हात होईना. हळूहळू माझा खिसा भाकरीच्या कोंड्यानं भरला. गल्लीतली कुत्री माझ्या मागं यायला लागली. लोक म्हणायचे, कडुबाला म्हातारपणी कुत्र्यांचा लळा लागला. मीही सांगायचो, मागच्या जन्मी हे सगळे माझे गिऱ्हाईक होते. पण एकेका पट्ट्याला वेळ लागायचा. एक दिवस टाकीवर चढणाऱ्या अभयचा पट्टा अजून ब्लेडखाली यायचा होता आणि तो स्वतःच दारात उभा राहिला. मावशे, झाला का? झाला, माझ्या राजा. त्यानं पट्टा खांद्यावर टाकला आणि निघाला. मी चप्पल न घालता त्याच्या मागं. कोपऱ्यावर गाठला. "अभ्या, दे तो पट्टा. ढेकणं हायेत त्याच्यात." "मामा, काय बी काय!" "मी बघितली, बोराएवढी. एकानं तर मला जयभीम घातला." तो हसत हसत पुढं गेला. मी पट्टा धरला. तो ओढतोय, मी ओढतोय, रिक्षावाले थांबून बघतायत, आणि माझ्या तोंडून पुढची थाप येईना. मी नुसतं म्हणालो, "दे रं. पाया पडतो तुझ्या." त्यानं माझं तोंड बघितलं आणि पट्टा सोडून दिला. त्या दिवशी तो कामावर गेला नाही. पट्टा मी घरी आणून कोठीच्या मागं ठेवला. रोज असा कुणाकुणाच्या मागं धावणार होतो?

दुसऱ्या दिवशी पुन्हा चितेगाव. श्रेया जेवत होती, डबा बाजूला सारून उठली. मी खिसा तिच्या टेबलावर उलटा केला. कोंडा, तुकडे, दोऱ्याचे बारके केस. "माझ्या बायकोनं शिवलं," मी म्हणालो. "संघाचंही तिनंच. तिला ठाऊक नाही." एवढंच वाक्य. वानर नाही, पोपट नाही. आपलाच आवाज मला परक्या माणसाचा वाटला, दुकानाच्या दारात उभा राहून काही विकायचं नसलेल्या माणसाचा. श्रेयानं चिमट्यानं दोऱ्याचे केस बाजूला काढले. मग म्हणाली, "उसवून भागत नाही, काका. सुई गेली म्हणजे ती पुडी बादच. सगळे पट्टे माझ्याकडं पाठवा, मी बदलून देते. आणि पुडीवर लिहून घालू, शिवू नये म्हणून." "तिला वाचता येत नाही." "मग चित्र." "चित्राला ती कुंकू लावंल." ती हसली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. "मग सुईच जाणार नाही असं कवच करते. कडक. पारदर्शक." मी म्हणालो, "करा. पण ताई, घास घालायला कुठं तरी जागा ठेवा. नाहीतर ती जागा शोधून काढंल." ती पेन्सिल उचलून कागदावर झुकली. जाताना मी फक्त एक मागितलं. घरी आलात तर संघाच्या पुडीचं बोलायचं नाही. तिनं मान हलवली. ती मान तिनं मोठ्या कष्टानं हलवली, ते मला दिसलं.

तोवर मी पोरांचा एकेक पट्टा चितेगावहून बदलून आणत राहिलो. दिवाळीच्या अलीकडे श्रेया नवा पट्टा घेऊन घरी आली. केसरबाईनं तिला पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि पट्टा मांडीवर घेतला. पुडीवर आता काचेसारखं कवच होतं. तिनं दाभण लावलं, ते घसरलं. पुन्हा लावलं, टोक वाकलं. "हे काय गं बाई, दगडाचं केलंस?" "हो मावशी. तिथं शिवायचं नाही. तुमच्यासाठी हा इथं खिसा ठेवलाय बघा, छातीपाशी. याच्यावर भार येत नाही. यात काय घालायचं ते घाला आणि शिवा." केसरबाईनं खिशात बोट घातलं. बोटाच्या पेरापुरतीच जागा. घासापुरती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग श्रेयाकडे, मग पट्टा दारातल्या उन्हात नेला आणि कवचाच्या आत बघत उभी राहिली. मी आरसा धरायचो तेव्हा लोक असेच गप्प उभे राहत, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. आत घड्या होत्या, घडीवर घडी, आणि त्यांना धरणारे टाके. ती टाके वाचत गेली. एका घडीवरून दुसरीवर तिचं नख कवचावरून सरकत गेलं. "हे असं मुद्दाम शिवलंय?" तिनं विचारलं. श्रेयानं माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, माझ्याकडे काहीतरी असायलाच हवं होतं. "हो, मावशी," श्रेया म्हणाली. "मोकळं व्हायला?" "हो." "बरं," केसरबाई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. आत भांड्याचा आवाज आला नाही. बराच वेळ आला नाही. मग आला.

श्रेया गेल्यावर ती उंबऱ्यात बसली. ऊन भिंतीवरून उतरत होतं. समोरच्या इमारतीच्या बांबूंवरून माणसं एकेक करत खाली येत होती, कामाची सुट्टी झालेली. कोठीच्या मागं ठेवलेला अभयचा जुना पट्टा तिनं बरोबर काढून आणला. म्हणजे तिथं काय आहे ते तिला ठाऊक होतं, आणि माझ्या खिशातल्या कोंड्याचंही. तिनं हात पुढं केला. "ब्लेड द्या." मी दिलं. तिनं पुडी गुडघ्यावर घेतली, पण कापलं नाही. "वडाची गोष्ट सांगा," ती म्हणाली. "आता?" "आता. तुम्ही नका लटकू. संघाला लटकवा." माझी मान भिंतीला टेकली. गोष्ट सांगायला मला कधी घसा खाकरावा लागला नव्हता. मी म्हणालो, संघा वर छतावर होता. खाली सगळं शहर, पार मकबऱ्याचा घुमट लिंबाएवढा. वारा असा, की ढग पत्र्याला घासून जायचे. पत्रा सरकला आणि संघा निघाला खाली. पण कड्याला तो वड आडवा आलेलाच होता. त्याच्या फांदीत दोरी अडकली. संघा हिसक्यानं थांबला. पोपट आले, पेरू घेऊन आले. आणि त्याच्या आईनं पुडीला घातलेला टाका असा चिवट, असा चिवट, की—

"उसवू द्या," ती म्हणाली.

मी थांबलो.

"अवं, उसवू द्या की. कामून धरून ठेवलंय त्याला?"

तिनं पहिला टाका कापला. तो लहानसा आवाज माझ्या पाठीतून गेला. मग मी म्हणालो, टाका उसवला. पट्टी थोडी लांबली, संघा थोडा खाली आला. तिनं दुसरा कापला. दुसरा उसवला, मी म्हणालो, पोपट घाबरून बाजूला झाले, संघानं त्यांना हात केला. तिचे हात थांबत नव्हते, मीही थांबलो नाही. पुडीतून घास तिच्या पदरात पडला, तिनं तो तसाच राहू दिला. ती उसवत गेली, मी सांगत गेलो, आणि संघा वडावरून हळूहळू खाली यायला लागला, उडत्या माणसांसारखा, मान वर करून.

अजून पोचला नाही.